पेटी चरखा: घेताना काय तपासावं आणि अहिंसेचा दावा कुठवर टिकतो

खादी भांडारात, आश्रमांच्या विक्री केंद्रांत आणि आता ऑनलाइनही पेटी चरखा सहज मिळतो. पेटीवर किंवा सोबतच्या कागदावर बहुधा एकच ओळ असते: ‘गांधीजींचं अहिंसेचं साधन’. मुठीच्या एका फेऱ्यात चाती, म्हणजे सूत पिळणारी टोकदार सळई, किती वेळा फिरते, तिचं टोक सरळ आहे का, सोबतचा पेळू, म्हणजे कातायची पिंजलेल्या रुईची वळी, कुठल्या कापसाचा, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून हे परीक्षण दोन अंगांनी केलं आहे. पहिलं अंग अवजाराचं: यावर सूत निघतं का, किती, कसलं, आणि काय बिघडतं. दुसरं अंग त्या ओळीचं: कापूस एका देशात पिकतो, सूत दुसऱ्या देशात निघतं, शिलाई तिसऱ्या देशात होते आणि कपडा चौथ्या देशात विकला जातो, अशा बाजारात चरख्याला अहिंसेचं साधन म्हणायला काय आधार उरतो?

आमचं मत आधीच सांगतो. पारखून घेतलं तर अवजार उत्तम आहे. दावा मात्र आज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा पेळू विकणाऱ्यांच्या आणि आपल्या हातात आहे.

हा घाट आला कुठून

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघातर्फे सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. त्याच्या अटी आजही मापदंड म्हणून वापराव्यात इतक्या नेमक्या होत्या. यंत्र हलकं असावं, खेड्यातल्या घरात हाता-पायाने चालावं, बाईला फार श्रम न होता आठ तास चालवता यावं, त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) १६,००० फूट सूत निघावं, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, नीट निगा राखल्यास ते २० वर्षं चालावं आणि वर्षाची डागडुजी किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण या अटींत अहिंसेचा व्यवहार किती बारकाईने मांडला होता ते पाहण्यासारखं आहे. वापरणारीच्या शरीराला किती त्रास होईल, तिच्या खिशाला काय परवडेल, मोडलं तर गावात दुरुस्त होईल का, हे सगळं यंत्राच्या व्याख्येतच धरलं होतं.

पेटी चरख्याची मांडणी १९३० च्या येरवड्याच्या तुरुंगवासातली. म्हणूनच त्याला येरवडा चक्र असंही म्हणत. मोठ्या उभ्या चाकाऐवजी दोन आडवी चाकं घेतली आणि सगळं एका पेटीत बसवलं. जुने नमुने पाहायचे असतील तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जावं. १९३८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात चरख्यांचे कितीतरी प्रकार मांडलेले आहेत. विकत घेण्याआधी तिथे तासभर घालवला तर दुकानातली पेटी पाहण्याची नजरच बदलते.

कोणता घ्यावा

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला शोभेचा, टेबलावर ठेवायचा. त्याचं चाक फिरतं, पण चातीला टोक नसतं आणि माळेला, म्हणजे चाकावरच्या दोरीला, ताण नसतो. त्यावर सूत निघत नाही. सत्कारात द्यायला तो चालतो, पण त्याला चरखा समजून घेऊ नये. दुसरा पुस्तकाएवढा, प्रवासाला सोयीचा. तिसरा ब्रीफकेसएवढा. शिकणाऱ्याने तिसराच घ्यावा. तो जड असल्याने जमिनीवर हलत नाही, मोठ्या चाकामुळे मूठ फिरवायला हाताला जागा मिळते आणि फाळका, म्हणजे कातलेलं सूत मोजून गुंडाळायची चौकट, पुरेशा लांबीचा बसतो. पुस्तकी चरख्यावर हात बसलेला माणूस झकास कातू शकतो. नवशिक्याचा मात्र निम्मा जोर पेटी धरून ठेवण्यातच जातो.

पेटी पूर्ण उघडली की आत हे भाग असले पाहिजेत: मूठ बसवलेलं मोठं चाक, त्याच्या शेजारी लहान चाक, ज्याच्या बुंध्याशी एक छोटी कप्पी असते, चाती धरणारी उभी होणारी पट्टी, जिला कारागीर मोढिया म्हणतात, किमान दोन चात्या, दोन माळा, फाळक्याचे सुटे हात, आणि पेटी स्थिर ठेवण्यासाठी बाहेर सरकणारी पायपट्टी. पहिली माळ मोठ्या चाकावरून लहान चाकाच्या कप्पीवर जाते. दुसरी लहान चाकावरून चातीच्या कप्पीवर. वेग असा दोनदा वाढतो, आणि एवढ्याशा पेटीत मोठ्या चरख्याचं काम होतं ते यामुळेच.

दुकानात उभ्याउभ्या करायच्या तपासण्या

चाती काढून काचेच्या सपाट काउंटरवर लोटा. सरळ चाती शांत गडगडते, वाकडी टपटपते. वाकड्या चातीचं टोक गोल न फिरता भोवंडतं. दर फेऱ्याला सुताला झटका बसतो आणि बारीक सूत तुटतं. नवशिके हा दोष स्वतःच्या हाताचा समजतात आणि पंधरा दिवसांत चरखा माळ्यावर टाकतात. चाती वाकडी असेल तर बदलून घ्या. ठोकून सरळ करू नका, ती पुन्हा वाकते.

मग मूठ सावकाश फिरवा आणि दोन्ही चाकांच्या कडा डोळ्यांच्या रेषेत आणून बघा. कड वरखाली होत असेल तर माळ खाचेतून उतरणार. दोन्ही चाकांच्या खाचा आणि चातीची कप्पी आपापल्या माळेच्या एकाच पातळीत हव्यात. नखाएवढा फरकही वेग वाढल्यावर माळ फेकतो. दोन चाकांमधला ताण राखणारी स्प्रिंग दाबून बघा. ती लगेच मागे यायला हवी. शेवटी चातीच्या टोकावर नख हलकेच फिरवा. ओरखडा लागला तर तिथे तंतू अडकणार. हा एक दोष मात्र घरी बारीक पॉलिश पेपरने जातो.

वेगाचं गुणोत्तर विक्रेत्याला विचारून उपयोग नाही, मोजूनच घ्यावं. चातीच्या कप्पीवर पेनाने ठिपका द्या, मूठ अगदी हळू एक पूर्ण फेरा फिरवा आणि दुसऱ्याला ठिपका मोजायला सांगा. मोजणं जमत नसेल तर व्यास मोजा. मोठं चाक त्याच्या माळेवरच्या कप्पीच्या आठपट आणि लहान चाक चातीच्या कप्पीच्या दहापट असेल, तर एका फेऱ्यात चाती ८० वेळा फिरेल. माळ घसरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच धरा.

या आकड्याचा अर्थ असा. १६ नंबरच्या सुताला इंचाला साधारण १७ पीळ लागतात. ८० च्या गुणोत्तरावर मुठीच्या एका फेऱ्यात पावणेपाच इंच सुताला पुरेल एवढा पीळ मिळतो, म्हणजे मीटरभर सुताला आठ-साडेआठ फेरे. गुणोत्तर ४० असेल तर तेच फेरे सोळा-सतरा होतात आणि खांदा दुखायला लागतो. स्वस्त पेट्यांमध्ये लहान चाक खरोखरच लहान ठेवतात, ते बघायचं ते याचसाठी.

पेळू: निम्मं यश इथेच

चरख्यासोबत भेट म्हणून येणारे पेळू बहुतेक वेळा दाबून पॅक केलेले असतात. दाबलेला पेळू सलग ओढला जात नाही, त्याचे गुच्छ निघतात. पेळू उजेडात धरून बघावा. आत काळे ठिपके म्हणजे सरकीची टरफलं, पांढरे दाणे म्हणजे तंतूंच्या गाठी. दोन्ही चातीपाशी अडकतात. चांगला पेळू बोटाएवढा जाड, वीतभर लांब आणि इतका हलका असतो की तळहातावर त्याचं वजन जाणवत नाही.

घरी करायचे असतील तर सरकीसकट कापूस घ्या आणि तासभर उन्हात तापवा. लाकडी पाटावर लोखंडी सळई पुढे लाटत सरकी काढा. वजनाचा हिशेब साधा आहे: सरकीसकट कापसात रुई साधारण तिसरा हिस्सा असते, म्हणून १०० ग्रॅम रुईला ३०० ग्रॅम कापूस धरावा. मग छोट्या पिंजणीवर रुई पिंजा, तिचा पातळ थर पसरा आणि गुळगुळीत काडीवर हलक्या हाताने गुंडाळून काडी ओढून काढा. गुंडाळताना दाब पडला की सगळी पिंजाई फुकट गेली. पेळू पुठ्ठ्याच्या खोक्यात मोकळे ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत.

कातणं आणि होणारे बिघाड

उजव्या हाताने मूठ, डाव्या हातात पेळू. चातीवर आधी हातभर तयार सूत बांधून ते टोकापर्यंत वेढे देत न्यावं आणि पेळूच्या तोंडाशी टेकवावं. सूत चातीशी काटकोनापेक्षा थोडं जास्त उघडं धरलं की दर फेऱ्याला ते टोकावरून निसटतं आणि त्यात एक पीळ भरतो. पीळ पेळूत शिरतोय हे बोटांना कळलं की हात मागे न्यायचा. हात पुरता मागे गेला की मूठ आणखी एक-दोन फेरे फिरवून सूत पक्कं करायचं. मग मूठ जराशी उलटी फिरवून टोकावरचे वेढे सोडायचे, सूत चातीशी काटकोनात आणायचं आणि सुलट फिरवत गुंडाळायचं. गुंडाळी मध्ये फुगीर आणि टोकाकडे निमुळती ठेवली तर कुकडी घट्ट बसते आणि फाळक्यावर घेताना सूत गळत नाही.

सूत एका जागी जाड, पुढे केसासारखं होत असेल तर हात पिळाच्या आधी पळतोय. सूत स्वतःभोवती वेटोळी घेत असेल तर पीळ जास्त झाला. हात जलद न्या किंवा मूठ सावकाश फिरवा. ओढल्यावर सूत न तुटता विरघळल्यासारखं सुटत असेल तर पीळ कमी. दरवेळी टोकापाशीच तुटत असेल तर टोकाला ओरखडा आहे किंवा चाती वाकडी आहे.

माळेचा प्रश्न मोसमाप्रमाणे बदलतो. सुती माळ ओल धरली की आखडते, म्हणून पावसाळ्यात चाक जड चालतं. उन्हाळ्यात ती सैल पडून घसरते. दोन मापांच्या माळा तयार ठेवणं हा सोपा उपाय. घसरणाऱ्या माळेला मेण किंवा किंचित राळ चोळावी. गाठ मारलेली माळ दर फेऱ्याला कप्पीवर ठेच खाते. त्यापेक्षा दोन टोकं उसवून एकमेकांत पिळून दोऱ्याने शिवावीत. तेल फक्त चाकांच्या खिळ्यांना आणि चातीच्या टेकूंना, एकेक थेंब. माळेला तेल लागलं की ती बदलावीच लागते, आणि सुतावर पडलेला काळा डाग धुऊन जात नाही. विदर्भातल्या मे महिन्यासारख्या कोरड्या हवेत चांगलं सूतही तटातटा तुटतं. शेजारी ओलं फडकं टांगावं किंवा पहाटे कातावं.

मापं: गुंडी, नंबर, तास

जुनं माप फाळक्याचं होतं. चार फुटांच्या घेराचा एक फेरा म्हणजे एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे ६४० तार, सुमारे ७८० मीटर. आता खादी संस्थांत १,००० मीटरची गुंडी धरतात. या दोन मापांची गल्लत झाली की नंबर चुकतो आणि विणकर सूत परत करतो. पेटीतल्या फाळक्याचा घेर दोऱ्याने मोजून झाकणाच्या आत लिहून ठेवा. घेर चार फूट असेल तर १,००० मीटरसाठी ८२० फेरे.

नंबर काढायला फक्त ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरतो. १,००० मीटरच्या गुंडीच्या ग्रॅममधल्या वजनाने ५९० ला भागलं की नंबर येतो. गुंडी ४९ ग्रॅम भरली तर १२ नंबर, ३७ भरली तर १६, साडेएकोणतीस भरली तर २०. पहिल्या महिन्यात ६ ते १० नंबरचं जाड सूत निघतं, त्यात काही कमीपणा नाही. त्याच्या आसनपट्ट्या आणि पंचे छान होतात.

गती किती? सराव झालेल्या हाताला अर्ध्या तासात १६० तार, म्हणजे १९५ मीटर, ही चांगली गती. नवशिक्याचे तासाला शंभर मीटरही निघत नाहीत. १९२९ च्या अटीतले १६,००० फूट तासाला सुमारे ६१० मीटर पडतात. पेटी चरखा ती अट पुरी करत नाही, हे स्पष्ट लिहायला हवं.

आता कापड. ३६ इंच पन्ह्याचं, इंचाला ४० उभे आणि ४० आडवे धागे असलेलं साधं कापड घेतलं, तर मीटरभराला दोन्ही मिळून सुमारे २,९०० मीटर सूत जातं. आक्रस आणि घट धरून ३,२०० म्हणा. अडीच मीटरच्या कुर्त्याला आठ गुंड्या. तासाला ३०० मीटर या मध्यम गतीने सत्तावीस तास लागतात, आणि ते फक्त कातणीचे. पिंजाई, ताणा, विणाई, शिलाई वेगळी.

हा हिशेब हाताने केल्यावर मजुरीचा आकडा वेगळा वाचला जातो. खादी आयोगाने कातणीचा दर २०२३ साली गुंडीला साडेसातवरून दहा रुपये केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये साडेबारा आणि एप्रिल २०२५ पासून पंधरा. पेटी चरख्यावर या दराने आठ गुंड्यांचे, म्हणजे सत्तावीस तासांचे, १२० रुपये होतात. संस्थांमधल्या बहुतेक कातणाऱ्या बाया आठ चात्यांच्या नव्या अंबर चरख्यावर बसतात, त्यामुळे त्यांच्या तासाला कितीतरी जास्त गुंड्या पडतात, हे खरं. तरीही १९३५ साली गांधीजींनी आठ तासांच्या कातणीला आठ आणे, म्हणजे जगता येईल एवढी मजुरी, द्यायचा आग्रह धरला होता आणि त्यासाठी खादी महाग झाली तरी चालेल अशी भूमिका घेतली होती, हे आज खादीवर सवलतीच्या पाट्या लावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. स्वस्तात मिळालेली खादी कुणाच्या हातातून स्वस्त झाली हा प्रश्न अहिंसेच्या पोटातलाच आहे.

दावा कुठे टिकतो, कुठे नाही

चरखा कापडाच्या ज्या टप्प्यावर आपला हात ठेवतो, तो टप्पा यंत्राने केव्हाच सोडवला आहे. गिरणीत एका टी-शर्टचं सूत कातायला माणसाचा अगदी थोडा वेळ लागतो. माणसाचा हात आज दोन टोकांना उरला आहे: कापसाच्या शेतात आणि शिलाईच्या मजल्यावर. जागतिक कापडधंद्यातली हिंसाही तिथेच जाऊन बसली आहे.

शिलाईच्या टोकाला २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा कोसळला आणि अकराशेहून जास्त माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिवणकामगारांना मशीनवर बोलावलं गेलं. नंतर ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं शोधून कुठल्या कंपन्यांचा माल तिथे शिवला जात होता ते सिद्ध करावं लागलं. त्या दबावातून महिन्याभरात कंपन्या आणि कामगार संघटनांमध्ये इमारतींच्या सुरक्षेचा बंधनकारक करार झाला. जगाच्या बाजारात अहिंसक दबाव कसा चालतो याचं हे अलीकडचं सगळ्यात ठोस उदाहरण. लेबल हुडकायचं, नाव घ्यायचं, सही होईपर्यंत सोडायचं नाही.

शेताच्या टोकाला २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. आज देशातला बहुतांश कापूस तोच आहे. तिच्यातला गुण बोंडअळीपुरता आहे. रस शोषणाऱ्या किडींसाठी फवारे लागतातच, आणि गुलाबी बोंडअळी तर त्या गुणालाही पुरून उरली. खादीचे पेळू याच कापसातून येतात. खादीचं चिन्ह सूत हाताने कातलेलं आणि कापड हाताने विणलेलं आहे याची हमी देतं. कापूस पिकवताना कुणाच्या नाकातोंडात काय गेलं, ते त्याच्या कक्षेत येत नाही.

म्हणूनच दावा अर्धा खरा म्हटला. कातणारीच्या वाट्याला या अवजारातून हिंसा येत नाही. हवा कोंडत नाही, गती तिची तिच्या हातात, मोडलं तर गावचा सुतार दुरुस्त करतो. पण पेळूच्या मागे काय आहे ते पेटी सांगत नाही.

आणि तरीही चरख्यात एक गुण असा आहे की ज्याचं मोल जागतिक बाजारामुळे वाढलं आहे, आणि विक्रेते नेमकं त्याबद्दल बोलत नाहीत. गिरणीला लांब, एकसारखा, मजबूत धागाच लागतो. वेगवान यंत्रं आखूड धाग्याचा कापूस घेत नाहीत. त्यामुळे देशी कपाशी मागे पडली आणि लांब धाग्याच्या अमेरिकन जातीच्या संकरित वाणांनी शेतं भरली. देशी वाण कोरडवाहू जमिनीत तग धरतात, तुडतुड्यांसारख्या किडींना बरेच पुरून उरतात आणि त्यांचं बी शेतकऱ्याला घरी राखता येतं. हाताची बोटं आखूड धागाही सांभाळून घेतात, पीळ थोडा जास्त दिला की झालं. यंत्राने नाकारलेला, कमी फवाऱ्याचा कापूस चरखा घेऊ शकतो. गिरणीशी वेगाची बरोबरी करायला गेलं तर तो हरणारच. त्याचं बलस्थान हे आहे, आणि अहिंसेचा दावा करायचाच असेल तर इथून करावा.

बहिष्काराच्या बाबतीतही एक जुना धडा हाताशी आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले होते. भारतातल्या विलायती कापडाच्या बहिष्काराने तिथल्या गिरणी कामगारांचं काम गेलं होतं. ते त्याच कामगारांमध्ये जाऊन राहिले, त्यांना भेटले, आपली बाजू मांडली आणि त्यांचीही ऐकली. आज एखाद्या परदेशी ब्रँडचा माल बंद करा म्हणणं सोपं आहे. पण ऑर्डर तुटली की आधी घरी बसते ती तिथली शिवणारी मुलगी. राणा प्लाझानंतर तिथल्या कामगार संघटनांची मागणी ऑर्डरी काढून घ्या अशी नव्हती, इमारती सुरक्षित करा अशी होती. दूरच्या मजुराला विचारल्याशिवाय त्याच्या नावाने बहिष्कार घालणं डार्वेनच्या त्या भेटीशी जुळत नाही.

घेताना काय मागावं

ब्रीफकेसएवढी पेटी, तीन सरळ चात्या, चार माळा, घेर लिहिलेला फाळका. किमतीत घासाघीस करण्याऐवजी जास्तीची चाती मागा, ती कधी ना कधी लागतेच. प्लास्टिकची चाकं टाळा. ती उन्हात वाकतात आणि गावचा सुतार त्यांना हात लावत नाही. शक्यतो जिथे कातून दाखवतात तिथूनच घ्या. विकणाऱ्याला त्याच पेटीवर पाच मिनिटं कातता आलं तर पेटीही बरी आहे असं धरायला हरकत नाही, आणि पुढे बिघाड झाला तर कुणाकडे जायचं तेही कळतं. ऑनलाइन घेत असाल तर चाती फिरतानाचा व्हिडिओ मागवा. टोक स्थिर दिसलं पाहिजे.

पेळू घेताना तीन प्रश्न विचारा: कापूस कुठल्या तालुक्यातला, वाण देशी की संकरित, आणि पिंजाई कुठे झाली. उत्तर ‘खादी आयोगाच्या कारखान्यातला’ एवढंच आलं तर पिंजाईचं कळलं, बाकी दोन प्रश्न तसेच राहिले. विदर्भ-मराठवाड्यात देशी कपाशी लावणारे शेतकरी अजून आहेत. त्यांच्याकडून पाच किलो सरकीसकट कापूस थेट घेतला तर दीड किलोच्या वर रुई निघते, आणि २० नंबरचं कातलं तर तीत पन्नासेक गुंड्या, म्हणजे सहा कुर्ते बसतात. एका घराला वर्षभर पुरेल एवढं ते काम आहे. सरकी फेकू नका. देशी बी असेल तर शेजारच्या कुणाला तरी पेरायला द्या.

चरखा बनवणाऱ्या आणि पेळू विकणाऱ्या संस्थांना आमची एकच सूचना आहे. पेटीवरची ती ओळ राहू द्या, पण तिच्याखाली गुणोत्तर, चातीची लांबी आणि फाळक्याचा घेर छापा, आणि पेळूच्या पाकिटावर वाण, गाव आणि शेतकऱ्याला दिलेला भाव. पाकिटावर त्यासाठी जागा भरपूर आहे.